मावशीची जट

लातूरहून सरकीच्या कामानं नांदेडला आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थानं आमच्या ओट्यावर बसून, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच आईला सांगितलं, की तुमच्या थोरल्या बहिणीच्या डोईत जट आली आहे. सांगताना त्यानं हात जोडले होते. मंगळवारी-शुक्रवारी बाया दर्शनाला येतात, हळद-कुंकू वाहतात, नवस बोलतात, असं तो म्हणाला. आईनं आत जाऊन देवापुढं दिवा लावला. मग चुलीपुढं बसली ती तवा तापून तापून धुरकटला तरी भाकरी टाकेना.

मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिच्या डोक्यात कधी एक गुंता राहत नव्हता गं."

निजामाच्या अमलाची ती शेवटची वर्षं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच मी विधवा होऊन माहेरी परतले होते. दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता, वहिनीला लहान मुलं होती, आईचे गुडघे धरलेले. घरातून कुठंही धाडता येईल असं माणूस मीच. त्यामुळं लातूरला जाऊन काय ते बघून यायचं काम माझ्याकडं आलं.

मावशीच्या यजमानांची लातूरला गंजात, म्हणजे धान्यबाजारात, अडत होती. मूलबाळ नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात आम्हा भावंडांना ती बोलावून घ्यायची. तिचे केस गुडघ्याला लागत. शिकेकाईनं न्हायली की ती उंबऱ्यावर बसून ते वाळवायची आणि मग फणी घेऊन आम्हा पोरींच्या मागं लागायची. डोकं आणि चूल सकाळच्या पहारी साफ पाहिजेत, हा तिचा नियम. घासलेला तांब्या ती पुन्हा घासायची. एकदा दारात जोगतीण आली होती, तिच्या जटेला लहान पोरं घाबरली. मावशीनं तिच्या परडीत जोंधळे घातले आणि म्हणाली, बाई, रोज थोडं तेल लाव, हळूहळू सुटंल. जोगतीण शिव्या देत गेली. मावशीला त्याचं काही वाटलं नाही.

यजमान गेले तेव्हा आई तिकडं जाऊन राहिली होती. परत आल्यावर सांगत होती, की अक्का रडली नाही, तेराव्यापर्यंत सगळ्यांना वाढत राहिली. आमच्यात विधवेचे केस काढायची चाल नव्हती, त्यामुळं केसही होते तसे राहिले. पुढं अडत धाकट्या दिराकडं गेली. मावशी त्याच घराच्या मागच्या खोलीत वेगळी राहू लागली. ती धीराची आहे, तिचं चाललं असेल, असं आम्ही धरून चाललो.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या मोटारीनं लोहा, अहमदपूर करत मी लातूरला उतरले. घरात शिरले तर समोरच्या सोप्यात दिराची बायको, म्हणजे मावशीची जाऊ, चपलांच्या ढिगाशी उभी राहून बायांना आत सोडत होती. मला बघून तिला आनंद झाला. चांगल्या दिवशी आलीस लेकी, म्हणाली, आज शुक्रवार.

मागच्या खोलीत शिरताच आधी वास आला. उदबत्त्यांचा वास, नासक्या खोबऱ्याचा, आणि त्याखाली अंगाचा, फार दिवस पाणी न लागलेल्या अंगाचा. मावशी भिंतीला टेकून बसली होती. मला ती ओळखू आली नाही. गालाची हाडं वर आलेली, लुगड्याचा रंग सांगता येऊ नये असा, आणि डोक्यापासून मांडीवर उतरलेला एक जाड, पिंगट, हळदीनं माखलेला दोर. बाया वाकून त्या दोराला हात लावत होत्या. तिच्या पुढ्यात नारळाच्या वाट्या, केळी, पेढे. त्यावर मुंग्या. तिच्या पायांच्या नडग्यांवर जखमा होत्या, त्यांवर माश्या होत्या, आणि ती त्या हाकलत नव्हती.

मी जवळ बसले. तिनं बघितलं. "आलीस का माय," म्हणाली, आणि पुन्हा समोर बघत राहिली.

म्हणजे ती भ्रमात नव्हती. मला त्याचीच भीती जास्त वाटली.

बाया गेल्यावर मी भात कालवून आणला. तिनं दोन घास घेतले आणि मान फिरवली. मी पाय धुऊ का विचारलं. नको. लुगडं बदलू का. नको. अंगात काही दुखतं का, तर नाही. बरं वाटत नाही का, तर तसंही नाही. "काय न्हाई गं. नुसतं नको वाटतं," एवढंच ती म्हणाली. सगळं कोंदट झालं होतं म्हणून मी परसाकडचं दार उघडायला गेले. दाराला कडी होती, फटीत गोणपाट कोंबलेलं. कडीला हात लावला मात्र, मावशी इतक्या जोरात "राहू दे" म्हणाली, की मी हात मागं घेतला. त्या दिवसांत तिचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

जावेला मी बाजूला घेतलं. मावशी उपाशी आहे, पायात किडे पडतील, डोक्यात उवा आहेत, ही जट काढली पाहिजे, असं म्हणाले. ती घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवायला आली. जट कापली त्या घरात रक्ताच्या उलट्या होऊन माणूस मेलेलं तिनं ऐकलं होतं. तिच्या नातवाचा ताप उतरत नव्हता, तेव्हा तिनं मावशीच्या जटेपुढं नारळ ठेवला होता आणि पोर उठून बसलं होतं. ही बाई दुष्ट नव्हती. रोज मावशीच्या दारात पाण्याची कळशी आणि ताट नेऊन ठेवणारी तीच. ताट तसंच परत येई, तेव्हा देवीचा उपास आहे असं ती समजे. सुरुवातीला अक्का न्हाईना, विंचरीना, तेव्हा ती भांडलीसुद्धा होती. मग एक जोगतीण येऊन म्हणाली, की ही जट यल्लम्माची आहे, आणि सगळ्यांचं भांडण संपलं.

त्या आठवड्यात मी मावशीच्या खोलीत राहिले. मुंग्या लागलेलं ते सगळं काढलं, जमीन सारवली, ओल्या फडक्यानं तिचे हातपाय पुसले. ती विरोध करत नव्हती, मदतही करत नव्हती. झोपायची नाही. मी पहाटे जागी झाले की ती बसलेलीच असे. दर दिवशी एखादा घास कमी होत गेला. पायाची एक जखम काळी पडायला लागली, तेव्हा मी दादाला तार केली.

दादा आला आणि खोलीच्या दारातच थिजला. तो लगेच सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, मावशीला पाच-सहा प्रश्न विचारले. बाहेर येऊन दादाला म्हणाला, की पाय मी बरा करीन, पण ही बाई खात नाही, झोपत नाही, तिचा जीव यातून जाईल. हिला जालन्याला न्या.

आमच्या भागात कुणी विचित्र वागलं की त्याला जालन्याला धाडा म्हणत. जालन्याला वेड्यांचं सरकारी इस्पितळ होतं, एवढंच सगळ्यांना माहीत, आणि तिथून माणूस परत येत नाही, हे न बघताच माहीत. दादाचा चेहरा उतरला. पण त्यानं दुसऱ्या दिवशीसाठी टांगा सांगितला.

सकाळी टांगा दारात लागला तेव्हा गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. सोप्यात, थेट दारापर्यंत उभ्या होत्या. एका म्हातारीच्या अंगात आलं. ती घुमू लागली आणि देवीला वेड्यांत नेणाऱ्याचा निर्वंश होईल असं म्हणाली. दादाला दोन लहान मुलं होती. जावेनं उंबऱ्यावर बसून पदर पसरला. माझं घर उजाड करू नका, अक्काला न्यायचं असलं तर मला ओलांडून न्या, असं ती रडत म्हणत होती. दीर भिंतीकडं तोंड करून उभा होता. पुरुषमाणसं गल्लीत गोळा व्हायला लागली. आता कुणी दादावर हात टाकला असता तर मी काय करणार होते, मला ठाऊक नाही.

आम्ही दोघांनी मावशीला धरून उभं केलं होतं. ती जावेसमोर थांबली. तिथंच खाली बसते की काय, असं मला वाटलं. ती जावेला म्हणाली, "तू रोज माझ्या पाया पडलीस. जवळ बसून एक दिवस जेवली न्हाईस."

जावेनं पसरलेला पदर आवरला.

"मला कुण्या देवीबिवीनं बोलावलं न्हाई. विंचरायचं बंद झालं, एवढंच झालं. सर."

जाऊ सरली. बाया दुभंगल्या. घुमणारी म्हातारीही थांबली. मावशीला टांग्यात चढवताना जटेचा शेंडा चाकाजवळ लोंबला. तो जावेनंच उचलून आत ठेवला, आणि हात कपाळाला लावला.

जालन्याची गाडी नांदेडहून, म्हणून आधी घरी आलो तर वेगळंच. आईनं बहिणीला बघितलं, कुशीत घेतलं, पण डोक्याला हात लावला नाही. जालन्याचं नाव काढताच ती दादावर तुटून पडली. आधी माहूरला न्यायचं, रेणुकेचा कौल घ्यायचा, मग काय ते. दादा म्हणाला, गडाच्या पायऱ्या चढता चढता ही जाईल. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. मावशी ते सगळं ऐकत मधल्या खोलीत पडली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही येत नव्हतं. शेवटी आईनं तांदळात सव्वा रुपया बांधून देव्हाऱ्यात ठेवला, अक्का उठली की माहूरला येईन म्हणाली, आणि स्वतःचं लुगडं पिशवीत भरलं. तीही येणार होती.

जालन्याच्या त्या इस्पितळाला उंच भिंत होती आणि फाटकाशी पहारेकरी होता. आतून कुणीतरी एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होतं. आईनं माझं मनगट आवळलं ते सुटेना. पण डॉक्टरांची खोली साधी होती, खिडकीबाहेर कडुनिंब. डॉक्टर मुसलमान, हैदराबादचे, केस पिकायला लागलेले. त्यांनी मावशीला खुर्ची दिली आणि आम्हाला मागच्या बाकावर बसवलं. ते दखनीत विचारत, मावशी आपल्या बोलीत उत्तर देई, आणि दोघांचं अडत नव्हतं. जटेकडं त्यांनी बघितलं, पण त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते दिवसाबद्दल. उठल्यावर काय करता. चूल कधी पेटवत होता. झाडलोट कधी थांबली. आणि मग, "पानी कौन भरता था, अम्माजी?"

डॉक्टरांनी दुसरा प्रश्न टाकला नाही. ते थांबले.

"मीच भरायची," ती म्हणाली. "परसात आड हाय. हे गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासनं सुरू झालं. पोहरा सोडला की दोर हातातनं सरकतो ना, तसं वाटायचं, आपुनबी जावं. खाली पाणी दिसलं की वाटायचं. रोज वाटायचं. मग एक दिवस दाराला कडी घातली."

डॉक्टर म्हणाले, "फिर?"

"फिर काय. पाणी न्हाई तर न्हाणं न्हाई. न्हाणं न्हाई तर येणी न्हाई. मग काहीच न्हाई."

माझ्या शेजारी आईनं तोंडात पदर कोंबला. लातूरच्या खोलीतलं ते गोणपाट कोंबलेलं दार माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते उघडायला निघाले होते ती मीच.

"दरवाज़ा बंद किया, बहुत अच्छा किया," डॉक्टर मावशीला म्हणाले. तिनं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं.

नंतर त्यांनी दादाला समजावलं. तुम्हाला जी हयगय दिसली, तो या बाईनं जिवंत राहायला काढलेला मार्ग होता. पण तो फार दिवस पुरण्यासारखा नाही. हकीम लोक या आजाराला मालीखोलिया म्हणतात. मराठीत काय म्हणता, त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, उदासी. डॉक्टरांनी मान हलवली. तो शब्द फार लहान आहे, म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला हा आजार झाला की घरचे वयाचा दोष म्हणतात, नाहीतर हट्ट म्हणतात. यांच्याकडं तर देवी म्हणाले. आईनं मान खाली घातली. जट कापायची का, हे दादानंच विचारलं. त्या मागतील तेव्हा, डॉक्टर म्हणाले, त्याआधी कुणीही हात लावायचा नाही.

दादा आणि आई परत गेले. मी स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहिले आणि रोज सकाळी बायकांच्या वॉर्डात जाऊ लागले.

बरं वाटण्याआधी सगळं बिघडलं. मावशीनं खाणं अजिबात सोडलं. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, की नाकातून रबरी नळी घालून दूध-अंडं पोटात घालावं लागेल, बघवत नसेल तर बाहेर थांबा. मी थांबले. दोन आयांनी तिला धरलं, मी हात धरले. ती ओरडली नाही. नळी आत जाताना डोळे माझ्यावर रोखलेले होते. काढल्यावर खोकून झाल्यावर म्हणाली, "तूबी?" आणि नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मी धर्मशाळेत परत येऊन विचार करायची, की लातूरला लोकांनी तिची पूजा केली आणि मी तिचे हात धरून ठेवले, मग तिच्या बाजूचं कोण. सकाळ झाली की फाटकाकडं चालू लागायची.

झोपेचं औषध चालू होतं. ती झोपू लागली, तशी नळी सुटली, पेज सुरू झाली. आया तिला रोज धरून कडुनिंबापर्यंत चालवत. एका सकाळी मी पोचले तर ती खाटेवर बसून वॉर्ड झाडणाऱ्या बाईकडं बघत होती. मला म्हणाली, "बघ, खाटंखाली तसाच कचरा ठेवून राहिली ती." मी तिथंच रडले. ती चिडली, यात रडायचं काय म्हणाली.

आई भेटायला आली होती त्या दिवसांत मावशीनं कात्री मागितली. डॉक्टर स्वतः आले आणि दाराशी उभे राहिले, कारण तिच्या हाती धारदार वस्तू द्यायची नव्हती. आया पुढं होईना, तिला भीती होती. मावशीनं आईला म्हटलं, तू काप. देवीची माफी मागत तिनं कानाशी एक कट दिला, आणि कात्री माझ्याकडं टाकून बाहेर गेली. बाकीची मी कापली. वाळल्या सुतळीसारखी ती कापावी लागत होती. खाली कातडीवर फोड होते, उवा होत्या, आणि मावशी डोळे मिटून मोठे मोठे श्वास घेत होती. सुटून खाली पडली तेव्हा केवढी वाजली ती. मावशीनं मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान इकडून तिकडं वळवून बघितली.

दुसऱ्या दिवशी आईला थंडी वाजून ताप भरला. आम्हा दोघींना काय वाटलं ते मी लिहीत नाही. डॉक्टरांनी कोयनेल दिलं, हिवताप होता, उतरला. पण देवीनं आपल्याला थोडक्यात सोडलं, हे आई मरेपर्यंत सांगत राहिली, आणि माहूरचा नवस तिनं गुडघे दुखत असताना पायरी पायरी चढून फेडला.

मावशी नंतर आमच्याकडं नांदेडलाच राहिली. नगरपालिकेचा नळ आमच्या गल्लीत नव्हता, पाणी आडाचंच, पण ते मी नाहीतर वहिनी भरायची. ते कुणी ठरवलं नव्हतं. तिचे पांढरे केस खांद्यापर्यंत वाढले. दादाच्या मुलांची अंघोळ तिच्याकडं होती, आणि मुलं तिला चुकवत फिरायची. लातूरला लोक म्हणाले, देवी निघून गेली. जाऊ एकदा भेटून गेली. मावशीनं तिच्याकडं नातवाची चौकशी केली.

पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. रझाकारांची दहशत वाढली त्या पावसाळ्यात लोक गाव सोडून चालले होते, गाड्यांना गर्दी होती, दादा आम्हाला ओट्यावरही बसू देत नव्हता. अशात एका सकाळी मावशी वेणी न घालताच चुलीपाशी आली. मी भाकऱ्या थापत होते. तिचं जेवण कमी झालेलं मला दिसत होतं, पण त्या दिवसांत कुणाचंच जेवण नीट होत नव्हतं.

"मला पुन्हा तसं नको नको वाटायलंय," ती म्हणाली. "चार दिस झाले. आडाकडं बघवंना. त्या डॉक्टरकडं चल."

गाड्या बऱ्या नाहीत, थोडं थांबू या, असं दादा म्हणाला. मावशी म्हणाली, गाडीचं भ्या मला आडापरीस कमी हाय. तिनं आपली पिशवी आधीच भरून ठेवली होती. आईनं या वेळी नवस बोलला नाही, दशम्या बांधून दिल्या. दादा, मावशी आणि मी दुपारच्या गाडीत कसेबसे शिरलो. मावशीला खिडकीशी जागा मिळाली, आणि परभणी येईपर्यंत ती गाडीतल्या घाणीवर बोलत होती.